सुजेचा सांगावा

मल्लेश्वरम, बेंगळुरू
८ जून २०२५

ती. आत्यास,
प्रियदर्शनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आमच्या घरमालकीण शिवलीला अक्का खालीच राहतात. पत्र माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, की निपाणीत अजून फोन पोचले नाहीत का. मी म्हटलं, पोचलेत, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत आहे. आई, बाबा आणि शेजारचे कृष्णातकाका अशी तिघं कान देऊन बसतात, आणि मग आत्या कशी आहेस विचारलं की 'बरं आहे' एवढंच म्हणते. अक्का खूप हसल्या आणि स्वल्प कॉफी घेऊन जा म्हणाल्या. त्यांच्याकडचं स्वल्प म्हणजे काठोकाठ पेला असतो.

तू विचारलंस, की मी इथे संस्थेत दिवसभर नेमकं काय मोजते आणि त्याचा तुझ्या सुजलेल्या बोटांशी काय संबंध. मला मुळाक्षरं आणि पाढे तू शिकवलेस. तिसरीत शाळेत घालेपर्यंत तूच माझी शाळा होतीस. त्यामुळे तुला काही समजावून सांगायचं म्हटलं की मला पुन्हा पाटी घेऊन समोर बसल्यासारखं वाटतं. चुकलं तर पुसून पुन्हा लिहायला लाव.

शरीरातल्या पेशी एकमेकींना सांगावे धाडतात. सांगावा म्हणजे एक बारीकसं प्रथिन. काटा लागला, जंतू शिरला, की तिथल्या पेशी ही प्रथिनं सोडतात. सांगावा पोचला की लढणाऱ्या पेशी धावत येतात, ती जागा लाल होते, गरम होते, सुजते. काम झालं की परत फिरायचे सांगावेही जातात. संधिवातात काटा नसतो आणि जंतूही नसतो, तरी सांध्याच्या अस्तरातून बोलावणं चालूच राहतं. आलेल्या पेशी स्वतः सांगावे धाडू लागतात आणि आणखी पेशी येतात. त्यातल्या दोन सांगाव्यांची नावं लक्षात ठेव, टीएनएफ आणि आयएल-सिक्स. आयएल-सिक्स पार यकृतापर्यंत जातो, म्हणून नुसती बोटं दुखत नाहीत, अंगात कणकण राहते आणि काही न करता थकायला होतं. पहाटे त्याचा जोर जास्त असतो. सकाळी तुझी मूठ मिटत नाही त्यात त्याचा हात आहे. आणि टीएनएफ फार दिवस बोलत राहिला तर हाड कुरतडणाऱ्या पेशींना उठवतो. डॉक्टरांनी तुझ्या एक्स-रेमध्ये हाडाची जी खरवडलेली कड दाखवली ती त्यांची करणी. मी लोकांच्या रक्तात आणि सांध्यातून काढलेल्या पाण्यात हे सांगावे किती आहेत ते मोजते. एवढंच माझं काम.

बेळगावच्या डॉक्टरांनी जे इंजेक्शन सुचवलंय ते टीएनएफला वाटेतच धरतं आणि पुढे पोचू देत नाही. टीएनएफ जंतूंशी लढायलाही लागतो, तो अडवला की अंगात दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी करतात. हे वाक्य मी दोनदा खोडलं, तू घाबरशील म्हणून. मग आठवलं, की आपल्या दोघींत घाबरते ती मी.

हे सगळं मोजणाऱ्या मुलीचं सांगणं आहे, डॉक्टरचं नाही. ठरवायचं त्यांनी आणि तू.

तुझा लोभ माझ्या लांबलचक पत्रांना पुरून उरो.

तुझी
प्रियू


निपाणी
१७ जून

चि. प्रियदर्शनीस,
पद्मावती आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पुसून लिहायला लावावं असं काही सापडलं नाही, फक्त 'सांगावा' शब्द इतक्या वेळा आलाय की वर्गात असतीस तर दोन मार्क कापले असते. पण गोष्ट पटली. तुझ्या आईच्या माहेरचं अगदी असंच आहे. एक सांगावा गेला की सातजण येतात, आणि त्यातला प्रत्येकजण आणखी कुणाला तरी बोलावून घेतो. परत फिरायचा सांगावा मात्र त्यांना कधीच पोचत नाही. हे तिला वाचून दाखवू नकोस.

अक्षर बघून रडत बसू नकोस. तुझ्या बाबानं पेनाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून दिलीय. धरायला सोपं जातं, पण दिसतं लाटण्यासारखं. एक परिच्छेद लिहिते आणि थांबते. बस्तीतल्या मूर्तीच्या अभिषेकाचा कलश आता मी उचलत नाही. परवा हातातून निसटला. पुजाऱ्यांनी तो माझ्यापासून लांब नेऊन ठेवला, तेवढं मला दिसलं. आधीच्या गोळ्या तीनही प्रकारच्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, आता थांबण्यात अर्थ नाही. आठ जुलैला बेळगावला बोलावलंय.

आता कामाचं विचारते. कॅप्सूल मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे. तिचं कवच जनावरांच्या हाडाकातड्याचं असतं हे नववीत असताना तूच शोधून काढलंस आणि औषधाच्या दुकानात जाऊन त्या बिचाऱ्याला तासभर छळलंस. तर हे इंजेक्शन कशाचं करतात? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मोठ्या कंपन्या करतात. हे काय उत्तर झालं होय? मी काय त्यांना पत्ता विचारला होता? झाडाचं असेल तर झाड लिही, दगडाचं असेल तर दगड. जसं असेल तसं लिही. साखर घालून लिहू नकोस, ते काम तुझ्या आईचं.

वेळेवर जेवतेस ना? तिथे दिवस मावळायच्या आत जेवायला मिळत नसेल, ते मी समजते. निदान उभ्यानं जेवू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्र नसलं तरी असतात.

आत्या


मल्लेश्वरम, बेंगळुरू
२६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून हे उत्तर मी मनात रोज लिहितेय. तुला लिहिण्याआधी आईला फोन केला, स्पीकर बंद करायला लावून. ती म्हणाली, खबरदार, यातलं अक्षरही आत्याला कळवायचं नाही. औषधाचं कूळ काढायचं नसतं. आणि पद्माक्का एकदा नाही म्हणाल्या की त्यांना हो म्हणायला लावणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. आई प्रेमानं म्हणाली, हे मी मुद्दाम लिहितेय. तिला तुझे हात हवे आहेत. मलाही हवे आहेत. पण तू विचारलंस, आणि तू विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर कसं द्यायचं हे तू मला शिकवलंच नाहीस.

या परिच्छेदात फक्त माहिती. साठसत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका मादी हॅमस्टरच्या अंडाशयातून काही पेशी काढल्या. हॅमस्टर म्हणजे आखूड शेपटीचा, उंदरासारखा लहानसा प्राणी. त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढू लागल्या आणि त्यांचा वंश आजही वाढतोय. आज हे औषध करायला कुणी हॅमस्टर मारत नाही. त्या पेशींच्या वंशजांना प्रतिपिंड नावाचं प्रथिन बनवायची कृती देतात आणि मोठमोठ्या पिंपांत वाढवतात. त्या प्रथिन बनवून बाहेर सोडतात, मग ते गाळून, शुद्ध करून इंजेक्शनात भरतात. इंजेक्शनात पेशी उरत नाहीत. पिंपातल्या पेशी मात्र शेवटी मरतात. ती पहिली हॅमस्टर जगली असेल असं मला वाटत नाही. शोधलं, पण तिचं पुढे काय झालं हे मला कुठे सापडलं नाही. शिवाय माणसाला देण्याआधी हे औषध प्राण्यांवर तपासलेलं आहे. तू आज घेतेस त्या गोळ्याही तशाच तपासलेल्या आहेत.

एक वेगळी गोळीही आहे, ती नुसत्या रसायनांपासून होते. सांगावा दाराशी पोचला तरी पेशीच्या आत त्याचं कुणी ऐकत नाही, असं काहीतरी ती करते. मला वाटलं, सुटलो. आमच्या संस्थेत येणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलं. तुझं वय आणि दोन वर्षांपूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी सांगितली, तर त्यांनी मान हलवली. ती गोळी तुझ्यासाठी धोक्याची. दुसरी इंजेक्शनं आहेत, पण तीही कुठल्या ना कुठल्या जिवंत पेशीतच होतात. एकदोन जंतूंच्या पेशींत होतात, ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि जंतूही जीवच असं तू म्हणशील.

आता माहिती संपली. यापुढचं फक्त माझं आहे, म्हणून वेगळ्या कागदावर लिहितेय.

आत्या, तू ते घ्यावंस. सूज आज ना उद्या उतरेल, पण झिजलेलं हाड परत येत नाही. मी रोज ज्या नळ्या हाताळते त्यांवर नाव नसतं, फक्त आकडा असतो. तरी एखाद्या नळीत टीएनएफ फार निघाला की मला वाटतं ही बाई सकाळी कपाची दांडी कशी धरत असेल. मग मला तुझी बोटं दिसतात. हे लिहिणं तुझ्यावर दडपण आणणं आहे का, ते मला ठरवता आलं नाही.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
प्रियू


मल्लेश्वरम, बेंगळुरू
१४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. पोस्टमन फाटकाशी आला की शिवलीला अक्का खालूनच 'इल्ल' म्हणून हात हलवतात. आता तर मी न विचारताच हलवतात.

काल आईचा फोन आला. तू आठ तारखेला बेळगावला गेली नाहीस असं तिनं सांगितलं. चातुर्मासासाठी साध्वी माताजी गावात येणार, तयारी आहे, असं कारण तू दिलंस म्हणे. मग आईनं मला सरळ विचारलं, तू लिहिलंस का आत्याला? मी हो म्हटलं. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि बाबांना दिला. बाबांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डच्या मेट्रोची चौकशी केली, जशी काही मी रोज तिथूनच ये-जा करते. मागून तुझा आवाज आला, की बरं आहे म्हणून सांग.

माझ्या कामात चुका व्हायला लागल्यात. परवा एक अख्खी तपासणी पुन्हा करावी लागली. मी पुन्हा पुन्हा एकच विचार करते. मी खरं सांगून तुझे हात घालवले का? आईचं ऐकलं असतं तर आज तुझं पहिलं इंजेक्शन झालं असतं. आणि तरीही, तू उद्या पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा तेच लिहीन. हे बरोबर की चूक, मला खरंच कळत नाही.

तू नाही म्हणालीस तरी मी एकदाही पुन्हा विचारणार नाही. फक्त काय ठरलं ते कळव. एका ओळीत कळव, हाताला त्रास देऊ नकोस.

उत्तराची नाही, तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,

प्रियू


निपाणी
२० जुलै

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

एका ओळीत कळव म्हणे! एका ओळीत मी आजवर कुणाला नापाससुद्धा केलेलं नाही.

रागावले नव्हते. विचार करत होते, आणि माझा विचार हल्ली माझ्या बोटांच्याच वेगानं चालतो. पत्र आलं तेव्हा माहितीचे कागद वाचले आणि तो वेगळा कागद घडी घालून चौरंगाखाली ठेवून दिला. तू त्यात काय लिहिलं असशील ते मला दिसतच होतं. आधी माझं ठरू दे, मग तुझं वाचू, असं म्हटलं.

पहिले आठ दिवस माझं नाहीच होतं. त्या जिवाचा विचार येई आणि घास उतरत नसे. आठ तारखेला गेले नाही ती त्यामुळेच. माताजींची तयारी हे निमित्त. एकदा वाटलं, माताजींनाच विचारावं. पण त्या हो म्हणाल्या असत्या तर तो जीव त्यांच्या माथी, आणि नाही म्हणाल्या असत्या तर माझी बोटं त्यांच्या माथी. स्वतःचा गुंता त्यागी माणसाच्या अंगावर टाकायचा नसतो. विचारलं नाही.

मग बुधवारी माताजींच्या आहारासाठी गहू निवडायला बसले. दरवर्षी ते काम माझ्याकडे असतं, कारण माझ्या हातून कधी किडा मरत नाही. चिमटीत अलगद धरायचा आणि वाटीतल्या दाण्यांत सोडायचा, तुलाही शिकवलंय. पहिला किडा दिसला, उचलायला गेले आणि तो बोटांत चिरडला. चिमूट किती दाबली जाते हे मला कळतच नाही आता. दुसरा उचलला, तोही गेला. तिसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. तुझी आई समोर होती. तिनं सूप स्वतःपुढे ओढलं.

सुपाकडे बघताना लक्षात आलं. एका जिवासाठी मी जे नाकारायला निघाले होते, त्या नकारानं माझ्या हातून रोज जीव जाणार होते, आणि वर मी स्वतःला स्वच्छ समजणार होते. हे तुझ्या पत्रात नव्हतं. तुझी चूक नाही, हे बेंगळुरूत मोजता येण्यासारखं नाही. मी असं म्हणत नाही की हिशेब फिटला. ती हॅमस्टर मेली ती मेलीच. मी मान वर करून ते इंजेक्शन घेणार नाही. पण घेणार आहे.

शुक्रवारी कृष्णातला गाडी काढायला लावली आणि बेळगावला जाऊन आले. क्षयाच्या तपासण्या स्वच्छ आल्या की पुढच्या आठवड्यात सुरू करू म्हणाले. ज्या दिवशी इंजेक्शन असेल त्या दिवशी गोड खायचं नाही असा नियम मी घेतलाय. तुझी आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय का? मी म्हटलं, डॉक्टरांना सगळं कुठं ठाऊक असतं.

तुझ्या आईवर रुसू नकोस. मी तिला म्हटलं, पोरीनं उत्तर दिलं नसतं तर मी डॉक्टरांच्या दारात ठाण मांडलं असतं. ती म्हणाली, ते तर तुम्ही उत्तर मिळूनही मांडलंत. मग आम्ही दोघी हसलो. आणि नीट ऐक. तू लिहिलं नसतंस आणि मला मागाहून कळलं असतं, तर मी ते औषध त्याच दिवशी बंद केलं असतं. तू माझे हात घालवले नाहीस.

तो वेगळा कागद काल उघडला. दडपण आणणं होतं का, विचारलं होतंस. होय, होतं. मला चाललं.

तुझ्या जिवाला घोर लावल्याबद्दल दोन आशीर्वाद जास्त.

आत्या


निपाणी
९ सप्टेंबर

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

चौथं इंजेक्शन काल झालं. पोटावर तुझी आईच देते. डॉक्टरांकडची बाई शिकवत होती तेव्हा तिनं आधीच हात पुढे केला. बाबा तेवढा वेळ दाराबाहेर जाऊन उभा राहतो, आणि झालं का म्हणून विचारतो, जणू मी बाळंत होतेय. फ्रिजमधला वरचा एक कप्पा माझ्या डब्यांना दिलाय, तिथे दुसरं काही ठेवायची कुणाची छाती नाही.

खरं खरं सांगते, म्हणजे तुला जुळवून बघता येईल. कणकण गेली. सकाळी मूठ मिटते, पूर्ण नाही, पण पेन धरण्याइतकी. धोतराची पट्टी सोडून टाकली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालंय ते तसंच राहील म्हणाले. राहू दे. डॉक्टर रक्ताचे आकडे बघून खूश होते. आकडे खाली आले की ते खूश, हे मला उलटंच वाटतं. मी जन्मभर आकडे वर गेले की खूश व्हायचे.

दशलक्षण पर्व छान झालं. परवा क्षमावाणी झाली, सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. कृष्णात तर ओळखीच्या नसलेल्या एका पाहुण्यालाही हात जोडून आला. तुझीही मागते. वर्षभरात माझ्या बोलण्यानं, न लिहिण्यानं तुला दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. न लिहिण्यानं दुखावलं आहेच.

पण जिची मागायची ती हॅमस्टर राहिली बघ. बस्तीत सगळ्या जिवांची क्षमा मागितली त्यात ती आलीच, असं तुझा बाबा म्हणतो. मला अशी घाऊक माफी पटत नाही. शाळेत पोरांनी कुणाला ढकललं तर त्याच्यासमोर उभं करून, नाव घेऊन माफी मागायला लावायचे. तिचं नाव कुणी लिहून ठेवलंय का, बघ. आणि तुमच्या संस्थेत त्या पेशी असतील तर त्यांच्यापुढे जाऊन माझ्यातर्फे माग. तुला लाज वाटेल हे मला माहीत आहे. तरी माग.

आहेस तशीच राहा, थोडी कमी घाबरत.

आत्या


मल्लेश्वरम, बेंगळुरू
२१ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पट्टी सोडल्यानंतरचं अक्षर मी शिवलीला अक्कांना दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी त्यांनी कागद उजेडात धरून नीट बघितला आणि सरी, सरी, म्हणजे ठीक, ठीक, म्हणाल्या. मलाही तुझी क्षमा हवी आहे. तू नाहीच म्हणणार असं धरून मी तुझ्यावर एक महिना अविश्वास ठेवला.

तिचं नाव सापडलं नाही. कुणी ठेवलं होतं असंही वाटत नाही.

पेशी मात्र आमच्याकडे आहेत. दुसऱ्या मजल्यावर द्रवरूप नायट्रोजनची एक टाकी आहे, तिच्यात बोटभर नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेल्या. मंगळवारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी तिथे गेले. झाकण उघडावं की नाही कळेना. उघडलं तर पेशींना ऊब लागेल, म्हणून बंदच ठेवलं. हात जोडले. तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कशासाठी औषध घेतेस तेही सांगितलं, आणि क्षमा मागितली. मराठीत मागितली. दुसऱ्या भाषेत मला मागता आली नसती.

वळले तर निहार दारात उभा. हा नागपूरचा, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. त्याचं काम उंदरांचं आहे. उंदरांच्या पायांत तो मुद्दाम संधिवात आणतो, आणि नवी औषधं त्यांना देऊन सूज मोजतो. शेवटी ते उंदीर मारावे लागतात. तो चांगला मुलगा आहे, दिवसभर थट्टा करतो. मला वाटलं, आता ही गोष्ट कँटीनपर्यंत जाणार. त्यानं विचारलं, काय करत होतीस. मी लाल होऊन सगळं सांगितलं. तुझा गहू, तुझा नियम, सगळं.

तो हसला नाही. टाकीकडे बघत राहिला. मग विचारलं, की हे फक्त तुम्हा जैनांतलेच करू शकतात का. मी म्हटलं, आत्या तरी कुणाला अडवणार नाही. मग त्यानं दुसरं विचारलं. ज्यांना उद्या पुन्हा मारायचंय, त्यांची क्षमा आज मागितली तर चालते का.

आत्या, हा प्रश्न तुझ्यासाठी. मी त्याला सांगितलं, आत्याला विचारून सांगते. तेव्हापासून तो रोज सकाळी पिंजऱ्यांच्या खोलीत जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबतो आणि निपाणीला पत्र गेलं का म्हणून विचारतो.

दोघांनाही तुझ्या लोभात धर.

तुझी
प्रियू